जनगणनेत धर्माच्या रकान्यात तुम्ही काय सांगणार?

प्राजक्त_सडा
२०११ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारी बेल वाजली. दारात खांद्याला कापडी पिशवी अडकवलेल्या एक बाई, जनगणनेवाल्या. बाबा सोफ्यावरून उत्तरं देत होते, मी चहा टाकायला आत गेले. 'धर्म कोणता?' हा प्रश्न काही माझ्या कानावर आला नाही. पाटीवरचं आडनाव वाचलं असेल आणि पुढे सरकल्या असतील.

आता तेव्हा घरात कोण कोण होतं बघा. आजी माळकरी. एकादशी कधी चुकली नाही, पण सत्यनारायण म्हटलं की नाक मुरडायची, "पांडुरंग असताना हे कशाला?" बाबा देव मानत नाहीत, मात्र सोसायटीच्या गणपतीची वर्गणी गोळा करायला सगळ्यांत पुढे. आईचं काहीतरी तिचं तिचं चालू असतं. आणि मी देवळाची पायरी चढत नाही, पण नवी गाडी आली तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवायला मीच लावलं. माणसं चार, आणि चौघांपुढे आकडा एकच.

महाराष्ट्राचे २०११ चे आकडे चाळत होते. हिंदू ७९.८३ टक्के, मुस्लिम ११.५४, बौद्ध ५.८१, जैन १.२५, ख्रिश्चन ०.९६, शीख ०.२०, इतर ०.१६. 'धर्म सांगितला नाही' असेही ०.२५ टक्के आहेत. सव्वाअकरा कोटी लोकांची ही वाटणी. यात आपण काय मानतो ते कितपत आलंय? २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता २०२७ ला होतेय. तेव्हा तुम्ही काय सांगणार, आणि जे सांगणार ते मनातलं असेल का?

उंटावरचा_शहाणा
पहिला! वाचतो नंतर.

खडू_फळा
धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं. २०११ ला मी प्रगणक होतो. शाळेतून आदेश आला, तीन दिवसांचं प्रशिक्षण, मग ९ ते २८ फेब्रुवारी दारोदार. वाट्याला दीडशेच्या आसपास घरं.

धर्माला कोड होते. हिंदू १, मुस्लिम २, ख्रिश्चन ३, शीख ४, बौद्ध ५, जैन ६. यापलीकडचा धर्म असेल तर पूर्ण नाव लिहायचं, कोड द्यायचा नाही. आणि सक्त सूचना होती की समोरचा सांगेल तेच लिहायचं, वाद घालायचा नाही, स्वतःहून ठरवायचं नाही. सूचना चांगलीच होती. पण संध्याकाळचे सात वाजलेत, अजून अकरा घरं बाकी, दारावर 'कुलकर्णी' अशी पाटी. मी विचारत नसे. खोटं कशाला बोलू?

एक गोष्ट अजून टोचते. एका चाळीत एक निवृत्त गिरणी कामगार भेटले. धर्म विचारला तर म्हणाले, "माणूस लिहा." सुनेने आतून ओरडून सांगितलं, "काही ऐकू नका त्यांचं, हिंदू लिहा." मी सुनेचं ऐकलं. नियमाप्रमाणे बघायचं तर त्यांच्या ओळीत 'माणूस' हे नाव पूर्ण अक्षरांत यायला हवं होतं.

उंटावरचा_शहाणा
आता वाचलं. मास्तर, कुलकर्णी लिंगायतही असतात, जैनही असतात. गेला की तुमचा कोड :)

खडू_फळा
@उंटावरचा_शहाणा, तेच तर सांगतोय. शरमलोय, बस का आता.

पंचगंगाकाठ
माझ्याकडे हेच घडलंय! आडनाव पाटील, गाव सांगलीजवळ, धंदा ऊस. बाई लिहून मोकळ्या, १. वडिलांनी चष्मा लावून फॉर्म बघितला म्हणून कळलं, मग खोडून ६. आम्ही दिगंबर जैन, पिढ्यान् पिढ्या शेतकरी. पुण्यामुंबईत जैन म्हटलं की लोकांसमोर फक्त मारवाडी-गुजराती व्यापारी उभा राहतो. कृष्णा-पंचगंगेच्या काठाला या, बैलाच्या शेपट्या पिरगाळणारे जैन दाखवतो. देशात सगळ्यांत जास्त जैन महाराष्ट्रात आहेत, १४ लाख. त्यात असे चुकून १ मध्ये गेलेले किती, देव जाणे. (म्हणजे तीर्थंकर जाणे.)

मूळ प्रश्नाचं उत्तर: मी जैन सांगणार. मनात काय आहे? कांदा खातो. बाकी विचारू नका.

खमंग_फोडणी
कांदा खाणाऱ्या जैनांची वेगळी गणना झाली तर टक्केवारी रोचक असेल.

निळी_पहाट
वरचं सगळं हलकंफुलकं चाललंय, चालू द्या. पण आमच्यासाठी हा रकाना कधीच हलका नव्हता, म्हणून थोडं लांबण लावतो.

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा. माझे आजोबा तेव्हा उमरेडहून बैलगाडीने गेले होते. १९५१ च्या गणनेत महाराष्ट्रात बौद्ध जेमतेम काही हजार. १९६१ ला सुमारे २८ लाख! मधल्या दहा वर्षांत कोणी बाहेरून येऊन वसलं नव्हतं. तीच माणसं, तेच गाव, त्याच वस्त्या. बदललं ते रकान्यातलं उत्तर. आमच्या लोकांनी ते ठरवून, एकमेकांना सांगून, प्रगणकासमोर छाती काढून दिलं.

आता दुसरी बाजू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा लाभ फक्त हिंदूंना. १९५६ मध्ये शिखांची भर पडली. बौद्धांची पडायला १९९० उजाडलं. महाराष्ट्र सरकारने 'नवबौद्ध' म्हणून राज्याच्या सवलती आधीच दिल्या होत्या, पण केंद्राची नोकरी हवी असेल तर? मग शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आणि घरी संध्याकाळी बुद्धवंदना. माझ्या वडिलांच्या दाखल्यावर एक, काकांच्या दाखल्यावर दुसरं, आई एकच. २०११ ला महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाख नोंदले गेले. देशातल्या ८४ लाखांपैकी ६५ इथले. तरी तो आकडा कमीच आहे असं आमच्याकडे कोणीही सांगेल.

त्यामुळे "रकान्याने काय फरक पडतो" असं म्हणायला फरक न पडणाऱ्या घरात जन्मावं लागतं.

प्राजक्त_सडा
@निळी_पहाट, शेवटचं वाक्य लागलं. आणि बरोबर आहे.

देशस्थ_परदेशस्थ
प्रतिसाद आवडला. एक विचारू का, खवचटपणा नाही. दीक्षेच्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांतल्या पहिल्या काही ब्रह्मा-विष्णू-महेश, गौरी-गणपती यांना देव मानणार नाही अशा आहेत. तरी काही बौद्ध घरांत अजून खंडोबा, मरीआई दिसतात. मग श्रद्धेचं काय?

निळी_पहाट
प्रश्न बरोबर आहे, राग नाही. आजोबांनी नागपूरहून आल्यावर देव्हाऱ्यातले सगळे देव गोणपाटात बांधून नदीत सोडले. वस्तीतल्या बऱ्याच घरांनी तेच केलं. आजी काही बोलली नाही. ती गेल्यावर तिची पेटी उघडली तर तळाशी, लुगड्याच्या घडीत, चांदीचा एक टाक निघाला. म्हणजे पस्तीस वर्षं तो तिथेच होता. रोज सकाळी मेणबत्ती लावून 'बुद्धं सरणं' म्हणणारी बाई ती, आणि जयंतीला निळी साडी नेसून मिरवणुकीत पहिली. तिला बौद्ध नाही म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

टाक बहिणीकडे आहे. तिने पूजेला लावला नाही, टाकलाही नाही.

खमंग_फोडणी
__/\__

आकडेशास्त्री
श्रद्धा आणि नोंद यांच्या फरकावर एक पाहणी आहे. प्यू या अमेरिकी संस्थेने २०१९-२० मध्ये भारतात सुमारे ३० हजार प्रौढांना प्रत्यक्ष भेटून विचारलं होतं, निष्कर्ष २०२१ ला आले. देव मानणारे ९७ टक्के. पण बौद्धांपैकी एक तृतीयांश म्हणाले की देव मानत नाही. गंमत पुढे आहे. कर्मसिद्धान्त मानणारे हिंदू ७७ टक्के आणि मुस्लिमही ७७ टक्के! गंगेत पापं धुतली जातात असं मानणारे ख्रिश्चनसुद्धा ३२ टक्के निघाले. हे आकडे देशाचे आहेत, महाराष्ट्राचे नाहीत, लगेच भांडू नका.

थोडक्यात, रकाना म्हणजे घरावरची पाटी. आत कोणती भाजी शिजतेय ते पाटीवर नसतं.

उंटावरचा_शहाणा
३२ टक्के ख्रिश्चन गंगेत आणि ताई लिंबावर. सगळे सारखेच की.

केळीची_वाडी
वसईहून हजर. मी सामवेदी ख्रिश्चन, आमच्या भाषेत कुपारी. पोर्तुगीज १५३४ ला आले, चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली. किल्ल्यातले पोर्तुगीज गेले, आमची घरं आणि आमचा धर्म राहिला. घरात बोलतो ती सामवेदी बोली, मिस्सा मराठीत, लग्नात गाणी मराठीत. तरी ऑफिसात दर नव्या माणसाचा पहिला प्रश्न, "अरे, तुला मराठी इतकं छान कसं येतं?" आता काय सांगू, आईकडून शिकलो!

रकान्यात ख्रिश्चन. मनातही ख्रिश्चन. या धाग्यावरचा बहुधा पहिला सरळ माणूस मीच.

देशस्थ_परदेशस्थ
नगरकडचे मराठी ख्रिश्चनही असेच. ना. वा. टिळकांनी तर ख्रिस्ताची भजनं ओवी-अभंगात लिहिली.

तांबोळी_पानवाले
आमच्याकडेही रकान्याचा गोंधळ नाही. मुस्लिम, कोड २, कधीच चुकला नाही, नाव ऐकलं की काम झालं. पण त्या २ मध्ये किती काय कोंबलंय ते बघा. कोकणी मुस्लिम वेगळे, बोहरी वेगळे. आम्ही तांबोळी, शेजारी अत्तार, पलीकडे मुलाणी, पिंजारी, बागवान. धंद्यावरून पडलेली नावं, आणि सोयरीक जुळवताना ती बरोबर आठवतात. अर्ध्यांना घरात दख्खनी, अर्ध्यांना मराठी.

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. मोहरमचे पंजे बसायचे त्यांचा मान एका मराठा घराण्याकडे. पंजा धरायला त्यांचाच माणूस, उदीही तेच देणार. माझ्या आजीने मला ताप आला म्हणून नवस बोलला तो भैरोबाला, आणि शेजारच्या काकूंनी त्यांच्या नातवासाठी पिराला. दोन्ही पोरं बरी झाली, त्यामुळे नक्की कोणी केलं हा वाद मिटलेला नाही :)

स्पष्टवक्ता_१
हे पीर-भैरोबा ऐकायला गोड असतं. पण अशी चित्रं रंगवून दोन्हीकडचे ताण झाकले जातात. गावात मान असतो, भाड्याने घर मागितलं की नसतो.

तांबोळी_पानवाले
@स्पष्टवक्ता_१, घर नाकारलंय मला, पुण्यात, दोनदा. तुम्ही सांगायची गरज नव्हती. आणि ऐका, पंजांचा कार्यक्रम गेली काही वर्षं आमच्याच पोरांना नकोय. "हे आपल्या धर्मात बसत नाही" म्हणतात. त्या मराठा घरातल्या नातवालाही नको झालाय, कारण तेच, शब्दही तेच. त्यांचे आजोबा आणि माझे वडील तेवढे हळहळत बसतात. रकाने पक्के झाले की असं होतं. पण म्हणून माझी आजी खोटी ठरत नाही.

स्पष्टवक्ता_१
मान्य. सूर चुकला माझा.

उंटावरचा_शहाणा
आंतरजालावर कोणीतरी "सूर चुकला" म्हणालं. स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

शून्य_देव
नास्तिकांतर्फे हजेरी. माहितीसाठी सांगतो, २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिलाय की 'मला कोणताही धर्म नाही' असं सांगण्याचा नागरिकाला अधिकार आहे आणि सरकार त्याला धर्म सांगायला भाग पाडू शकत नाही. तेव्हा मी 'धर्म नाही' सांगणार. धागाकर्तीच्या बाबांनीही सांगावं.

पंचगंगाकाठ
मग वारसाहक्काचं काय हो? उद्या भावकी म्हणेल, तुम्ही धर्म सोडलात, कायदा लागत नाही.

वकिली_चहा
लागतो. हिंदू वारसा कायदा १९५६ बौद्ध, जैन, शिखांना लागू आहेच, आणि मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी, ज्यू नसलेल्या बाकी जवळपास सगळ्यांनाही. त्यामुळे 'धर्म नाही' म्हणणारा बहुतेक वेळा त्याच पंगतीत बसतो. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे तुमचा फॉर्म गोपनीय असतो, दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालत नाही. भावकीला भांडायला दुसरं कारण शोधावं लागेल. (शोधतीलच.)

शून्य_देव
म्हणजे देव सोडला तरी हिंदू कायदा सोडत नाही.

सोन्नलगी
सोलापूरहून. आमचं त्रांगडं वेगळं. शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू लिंगायत'. आजोबा म्हणायचे आपण हिंदू नाही, गळ्यातलं इष्टलिंग हाच आपला देव, बाराव्या शतकात बसवण्णांनी जात मोडली ती परत जोडायला नव्हे. वडील म्हणतात आपण हिंदूच. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत दोघं शेजारी शेजारी उभे. कोडांच्या यादीत आम्ही नाही. पूर्ण नाव लिहायला लावायचं तर आधी घरात एकमत हवं, ते व्हायचं नाही.

मोहाचं_झाड
सगळा धागा वाचला. यादीत नसलेल्यांपैकी मीही. गोंड आहे, यवतमाळ जिल्हा. आमचा देव पेरसा पेन, आमचा धर्म कोया पुनेम. स्वातंत्र्याआधीच्या जनगणनांमध्ये आदिवासींच्या धर्माची वेगळी नोंद व्हायची, भले साहेबाने दिलेलं नाव कसंही असो. १९५१ पासून ती गेली. मग आमच्या पाड्यावर येणारे गुरुजी विचारतच नाहीत, १ टाकतात. (खडू_फळा गुरुजी, तुम्हाला नाही म्हणत. म्हणजे थोडं म्हणतेय.)

झारखंडकडच्या लोकांनी २०११ ला हट्टाने 'सरना' हे आपल्या आदिवासी धर्माचं नाव लिहायला लावलं, देशात ४९ लाख नोंद झाली. त्यांच्यासाठीही कोड नव्हता, तरी झाली. आपल्याकडे 'इतर' सगळे मिळून ०.१६ टक्के, आणि त्यातच पारशी, ज्यू वगैरे पण. राज्यात अनुसूचित जमाती ९ टक्क्यांहून जास्त आहेत. आता तुम्हीच सांगा बाकीचे कुठे गेले.

देशस्थ_परदेशस्थ
पण अनेक आदिवासी स्वतःला हिंदू मानतातही. सगळ्यांच्या वतीने कसं बोलणार?

मोहाचं_झाड
मानतात, माझी मावशी मानते. ती सांगेल तेव्हा १ लिहा ना. न विचारता लिहू नका एवढंच.

खडू_फळा
@मोहाचं_झाड, घेतलं. कान धरले.

आता उपयोगाचं थोडं. २०२७ ची गणना दोन टप्प्यांत आहे. एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये घरयादी, त्यात घराबद्दलचे प्रश्न. धर्म दुसऱ्या टप्प्यात, फेब्रुवारी २०२७ ला. १९३१ नंतर पहिल्यांदाच सगळ्यांची जातही विचारणार. आणि स्वतः ऑनलाइन माहिती भरायची सोय आहे. तेव्हा धर्म काय लिहिला म्हणून माझ्यासारख्या मास्तरावर ढकलता येणार नाही.

पण अनुभवाने एक सांगतो. दीडशे घरांत मी जेवढ्यांचे धर्म लिहिले, त्यातल्या निम्म्यांहून जास्त लोकांशी माझं बोलणंच झालं नाही. घरातून एकच माणूस बोलतो, बहुतेक वेळा पुरुष, आणि तो सगळ्यांचं सांगून टाकतो. बायकांचं वय नवऱ्यांना नीट सांगता येत नव्हतं, धर्म तर लांबची गोष्ट.

खमंग_फोडणी
हे कधी डोक्यात आलंच नव्हतं. आमच्याकडेही सासऱ्यांनी सांगितलं होतं. मी लग्नाआधीची ख्रिश्चन, रजिस्टर लग्न केलंय, धर्म बदललेला नाही. माझ्यापुढे काय लिहिलं गेलं ते मला आज, या धाग्यावर बसून, कळत नाहीये.

केळीची_वाडी
@खमंग_फोडणी, या वेळी मोबाइल तुमच्या हातात ठेवा.

उंटावरचा_शहाणा
शतक नाही झालं तरी चालेल, पण धागाकर्ती आहेत कुठे? प्रश्न विचारून लिंबू आणायला गेल्या वाटतं.

प्राजक्त_सडा
आले आले. मास्तरांचा प्रतिसाद वाचून काल जेवताना घरात विषय काढला.

बाबा म्हणाले, 'धर्म नाही' सांगणार, पण वर्गणी सोडणार नाही. मग मी आईला विचारलं, तुझ्यापुढे काय लिहायचं? ती म्हणाली, "लिहा की तुमचं जे असेल ते." मी म्हटलं, तुमचं नाही, तुझं.

वर लिहिलंय ना, आईचं तिचं तिचं काहीतरी चालू असतं. आईचं माहेर महानुभाव पंथाचं, चक्रधर स्वामींना मानणारं. मामाचा फोन आला की ती 'दंडवत' म्हणते, हे लहानपणापासून ऐकतेय, पण मला ती त्यांच्याकडची बोलायची पद्धत वाटायची. महानुभाव पंचकृष्ण सोडून दुसऱ्या देवतेची पूजा करत नाहीत हे मला माहीत होतं, फक्त पुस्तकातून. आई बेचाळीस वर्षं आमच्याकडे नवरात्रात घट बसवतेय. काल म्हणाली, घट मी मांडते, हात जोडते तेव्हा मनात चक्रधरांचं नाव घेते. आजीला माहीत होतं. बाबांना नव्हतं.

बाबा बराच वेळ ताटाकडे बघत होते. मग म्हणाले, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? आई म्हणाली, "विचारलं कोणी?"

रकान्यात तिला हिंदूच लिहायचंय, म्हणते आम्ही वेगळे आणि हिंदूही. फक्त ऑनलाइन भरताना तिची ओळ ती भरणार आहे. मोबाइलवर मराठी टंकायला आजपासून शिकवतेय.

खडू_फळा
आईंना माझा दंडवत सांगा.

निळी_पहाट
माझाही.

उंटावरचा_शहाणा
आणि घट कोण मांडणार आता?

प्राजक्त_सडा
आईच. पण यंदा बाबा मदत करणार म्हणालेत. देव मानत नाहीत, धान्य पेरायला काय जातंय म्हणे.